थंड पाण्यातले वाल

गेल्या वर्षी आमच्या ऑफिसात मन शांत कसं ठेवावं यावर एक कार्यशाळा झाली. पन्नाशीच्या पुढच्या सगळ्यांना ती सक्तीची होती, कारण आमच्यातल्या दोघांची लागोपाठ अँजिओप्लास्टी झाली होती आणि एचआरला एकाएकी आमची माया आली होती. शनिवारी सकाळी आम्हाला कॉन्फरन्स रूममध्ये बसवलं, फोन एका टोपलीत गोळा केले, आणि हळू आवाजात बोलणारी एक तरुण मुलगी पुढे आली. तिनं प्रत्येकासमोर एकेक स्टीलची वाटी ठेवली. वाटीत राजमा, चवळी, मूग, मसूर, सगळं एकत्र कालवलेलं.

"पुढची वीस मिनिटं तुम्ही फक्त हे वेगळं करायचंय," ती म्हणाली. "कसलीही घाई नाही. कोण आधी संपवतं ते मी बघणार नाहीये. फक्त हाताकडे लक्ष द्या."

आधी सगळे फिदीफिदी हसले. मग हसणं ओसरलं आणि खोलीत नुसती दाण्यांची टकटक राहिली. माझ्या शेजारी परचेसचे साहेब बसलेले, एरवी सप्लायरच्या अंगावर धावून जाणारा माणूस. दहाएक मिनिटांनी ते माझ्याकडे वळून म्हणाले, "यार, इतकं शांत मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं." त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. त्या मुलीनं समाधानानं मान हलवली आणि सांगितलं की रोज असं काहीतरी करत जा. हातानं करायचं, सावकाश करायचं, स्वतःसाठी वेळ काढायचा.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी वाटी पुढे ढकलली, उठलो आणि बाहेर कॉफी मशीनपाशी जाऊन उभा राहिलो. पुढे माझ्या रिपोर्टमध्ये शेरा आला की यांना विश्रांती घेणं जड जातं. शेरा खोटा नव्हता. पण राग त्या मुलीवर नव्हता, राजम्यावर तर नव्हताच.

माझ्या आईकडे असा एक तास होता. तो तिला कुठल्या कार्यशाळेत कुणी शिकवला नव्हता. तिनं तो स्वतः, डोकं लढवून, घरातल्या सगळ्यांच्या नाकावर टिच्चून मिळवला होता. आणि मी तो बंद पाडला. एकदा पाडला असता तर चूक म्हणून सोडून दिलं असतं. मी तो जेव्हा जेव्हा दिसला तेव्हा तेव्हा बंद पाडला.

आम्ही डोंबिवली पूर्वेला राहायचो. दोन खोल्या आणि मागे कपडे वाळत घालायची अरुंद गॅलरी. आई, वडील आणि मी. वडील एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत तिन्ही पाळ्या करायचे, त्यामुळे ते दिवसा कधीही घरात असायचे. माणूस वाईट नव्हता. व्यसन नाही, हात उगारणं नाही. पण रिकामं बसलेलं माणूस त्यांना बघवायचं नाही, त्यातून ते माणूस आई असेल तर मुळीच नाही. ती जरा भिंतीला टेकली की आतून आवाज यायचा, "बसलीस काय?" आणि मागोमाग एक काम यायचं. चहा टाक. नळाला पाणी आलं का बघ. तो निळा शर्ट कुठे ठेवलास. मुद्दाम छळायचे असं नाही म्हणणार. बसलेली बाई म्हणजे मोकळी बाई, आणि मोकळ्या बाईला काम सांगायचं असतं, एवढंच त्यांना ठाऊक होतं. मी त्यांच्याच हाताखाली वाढलो.

फक्त वाल सोलत असली की ते तिला हाक मारायचे नाहीत.

आमच्याकडे वालाचं बिरडं आठवड्यातून दोनदा व्हायचं, कधी तीनदा. ज्यांच्या घरी होत नाही त्यांच्यासाठी सांगतो. कडवे वाल भिजवायचे, फडक्यात बांधून मोड आणायचे, मग पाण्यात टाकून एकेक दाणा सोलायचा. दाणा चिमटीत धरून दाबला की मोडासकट सालातून बाहेर पडतो. मूठभर एकदम घेऊन चालत नाही. एकेकच. दोन वेळा पुरेल इतकं बिरडं करायचं तर सोलण्यात सहज तास जातो, आणि त्या तासात बोटांच्या टोकांना सुरकुत्या पडतात.

जेवणं उरकली, ओटा पुसून झाला की दोनच्या सुमाराला आई वालांचं पातेलं आणि एक ताट घेऊन गॅलरीच्या उंबऱ्यापाशी बसायची. पाठ घराकडे, तोंड बाहेर. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं. समोरच्या बिल्डिंगची मागची बाजू, सांडपाण्याचे पाइप, कुणाकुणाच्या सतरंज्या. ती ते बघायचीही नाही. हात पाण्यात आणि नजर कुठेतरी भलतीकडे. वडील पलंगावर लोळत असले तरी त्या तासात स्वतः उठून पाणी प्यायचे. मी तिच्याकडे निघालो की मलाच दटावायचे, "कामात आहे ती. तिच्या मागे लागू नको." काम डोळ्यांना दिसत होतं, शिवाय बिरडं म्हणजे त्यांचा जीव की प्राण.

एकदा मी तरीही तिच्याजवळ जाऊन बसलो आणि विचारलं, "आई, कसला विचार करतेस?"

"कसला म्हणजे? कसलाच नाही," ती म्हणाली. "इथे बसलं की कसला विचार करावा लागत नाही."

मला ते अगदीच मठ्ठपणाचं वाटलं. शाळेत आम्हाला विचार करा, विचार करा म्हणून डोकं खात होते, आणि ही बाई विचार न करण्यात खूश होती.

मी दहा-अकरा वर्षांचा असेन. एका दुपारी शाळा लवकर सुटली. आई खाली दळण आणायला गेलेली, वाल पातेल्यात तयार होते. शेजारच्या काकू तिला नेहमी सांगायच्या की अगं, थोडं गरम पाणी घाल, सालं पटापट सुटतात. आई "हो का? बघते" म्हणायची आणि घालायची नाही. मी ठरवलं की आईला चकित करायचं. स्टोव्हवर पाणी तापवलं आणि बेताचं गरम झाल्यावर वालांवर ओतलं. ती परत येऊन बसली, पहिला दाणा चिमटीत धरला आणि तो सुळकन बाहेर आला. दुसरा, तिसरा, तसेच. तिनं पाण्यात बोट बुडवून पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी दात काढून उभा.

पंधरा मिनिटांत पातेलं रिकामं झालं. रात्रपाळी करून आलेले वडील जागेच होते. "झालं एवढ्यात?" ते आतून म्हणाले. "मग त्या पँटची शिवण उसवलीय ती घाल बघू."

आई उठली. जाताना माझ्या डोक्यावरून ओला हात फिरवून म्हणाली, "हुशार आहेस हो."

ही गोष्ट मी आयुष्यभर मिरवली. माझी नोकरी प्लॅनिंगमधली. कारखान्यात कुठे वेळ वाया जातोय ते शोधायचं आणि तो वाचवायचा, हे माझं पोटापाण्याचं काम. नव्या मुलांना ट्रेनिंग देताना मी पहिलं उदाहरण हेच द्यायचो. तासाचं काम पंधरा मिनिटांत, खर्च फक्त पातेलंभर गरम पाण्याचा. मुलं हसायची, लिहून घ्यायची. पुढच्या वेळी आई पुन्हा थंड पाणीच घेऊन बसली होती, हे मी त्यांना सांगायचो नाही, कारण मला ते महत्त्वाचं वाटलंच नव्हतं. मी विचारलं तेव्हा ती म्हणाली होती की गरम पाण्यानं दाणा फुटतो. मी ते खरं मानलं. त्या दिवशी एकही दाणा फुटला नव्हता.

आणि आईला वाल आवडायचे नाहीत. हेही माझ्या लक्षात यायला तिची सत्तरी उलटावी लागली. तिला ते बाधायचे. बिरडं असेल त्या दिवशी ती भाताबरोबर ताक घ्यायची आणि लोणच्याची फोड. माझी तक्रार असायची, "पुन्हा वाल?" तर म्हणायची, "बाबांना आवडतात." बाबांना आवडायचे हे खरंच. पण मटकी, मसूरही त्यांना आवडायची, आणि ती सोलावी लागत नाही.

वडील गेले आणि डोंबिवलीचं घर विकून आई आमच्याकडे कोलशेतला आली. चौदावा मजला, समोर खाडी, खाली क्लब हाऊस. मी आणि बायको, दोघंही नोकरी करणारे. मुलगी शिकायला बाहेर. आता आईला सुखात ठेवायचं, असं मी मनापासून ठरवलं होतं. मनापासून, हा शब्द मी जपून वापरतोय.

पहिल्याच आठवड्यात तिनं वाल भिजवले. मी म्हटलं, "आई, हे काय घेऊन बसलीस? ठाण्याच्या बाजारात सोललेले मिळतात." दुसऱ्या दिवशी येताना पिशवी घेऊनच आलो. पांढरेशुभ्र, टपोरे, मोडासकट, एकाचंही साल राहिलेलं नाही. तिनं पिशवी हातात घेतली, उलटी-सुलटी करून पाहिली.

"छान सोललेत," ती म्हणाली. "कोणी सोलले?"

"कोणी का सोलेना. तुझा त्रास वाचला ना?"

मग मी अंगात आल्यासारखा कामालाच लागलो. निवडलेली कोथिंबीर, सोललेला लसूण, खवलेला नारळ, वळलेल्या वाती, दाणे काढलेले मटार. जे जे तयार मिळतं ते ते घरात. तांदळात खडा सापडायचे दिवस संपलेच होते. उरलेल्या कामाला बाई होत्या, आणि त्यांना माझी ताकीद होती की आजींना काही करू द्यायचं नाही. आई म्हणायची, "अरे, मी करते ना." माझं उत्तर ठरलेलं, "आई, खूप केलंस आयुष्यभर. आता आराम कर."

बायको एकदा म्हणाली, "त्यांना करू दे की थोडं काहीतरी. किती वेळ टीव्ही बघतील?"

"म्हणजे तू माझ्या आईकडून कामं करून घेणार?" मी फाडकन बोललो. ती गप्प बसली, आणि त्या विषयावर पुन्हा कधी बोलली नाही. आमच्या घरात गप्प बसवण्याचं काम नेहमीच चोख झालेलं आहे.

आईनं हार मानली नाही, म्हणजे लगेच मानली नाही. प्लास्टिकच्या पिशव्यांच्या त्रिकोणी घड्या घालायला लागली. मी घरात पिशव्या आणणंच बंद केलं, पर्यावरणाचं कारण सांगून. मोज्यांच्या जोड्या लावायची, जुन्या स्वेटरची लोकर उसवून गुंडे करायची. एका रविवारी दुपारी ती मांडीवर स्वेटर घेऊन बसली होती आणि मी म्हणालो, "बसलीस काय हे घेऊन? चल, तुला खाली बागेत फिरवून आणतो." तिनं चटकन स्वेटर खाली ठेवला. मला तेव्हा कळलं नाही की मी कुणाच्या आवाजात बोललो. तिला कळलं असणार. ती त्या आवाजाला चाळीस वर्षं उठत आली होती.

तिला करमत नाही, चिडचिड होते, झोप लागत नाही, असं पुढे पुढे दिसायला लागलं. मी डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, मन रमवा. मी तिला क्लब हाऊसमधल्या ध्यानाच्या वर्गाला घातलं. चार दिवस गेली आणि सोडलं. "डोळे मिटले की घरातलं सगळं डोक्यात येतं," ती म्हणाली, "आणि ती बाई सांगते, विचार येऊ देऊ नका. हाताला काही नाही तर विचार येणारच की." मी तिला मोठ्यांसाठी असते तशी रंग भरायची वही आणून दिली, नक्षीनक्षीची, सोबत चोवीस रंगांच्या पेन्सिली. तिनं एक पान भरलं. मग विचारलं, "हे भरून झाल्यावर याचं काय करायचं?" मी म्हटलं, काही नाही करायचं, नुसतं मन शांत होण्यासाठी असतं. तिला ते पटलं नाही. कुणाच्याच पोटात न जाणारं, कुणाच्याच अंगावर न चढणारं काम ती कधी हक्कानं करूच शकली नव्हती. वही तिनं माझ्या मुलीसाठी म्हणून कपाटात जपून ठेवली. मुलगी तेव्हा बावीस वर्षांची होती.

मग मावशीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं. मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण. एकटीच, आंबिवलीला, स्टेशनपासून आत एका जुन्या बैठ्या घरात राहते. आई सोबतीला म्हणून आठ दिवसांसाठी गेली. आठाचे पंधरा झाले, पंधराचा महिना. मी फोन केला की, "राहते अजून थोडे दिवस." आवाज खणखणीत. झोप लागते का विचारलं तर म्हणाली, "लागते की. का नाही लागणार?" मला बरं वाटायला हवं होतं. मला राग येत होता.

दोन महिने होत आले तेव्हा एका चुलत भावाचा फोन आला. तो कामासाठी तिकडे गेला होता, मावशीकडे डोकावला होता. "अरे, काकू तिकडे वाल सोलत बसलेली," तो म्हणाला. "विकायचे वाल. मावशी कल्याणच्या बाजारात देते ना भाजीवालीला. मी म्हटलं तुला माहितेय की नाही."

मला माहीत नव्हतं. कानशिलं तापली. आमच्यासारख्या घरातली बाई, जिचा मुलगा कोलशेतला चौदाव्या मजल्यावर राहतो, ती या वयात बाजारात विकायचे वाल सोलते, आणि हे आता नातेवाइकांत पसरलंय. पुढच्या रविवारी जेवण झाल्याझाल्या मी गाडी काढली.

मावशीच्या घराचं फाटक उघडंच होतं. ओसरीवर दोघी बसलेल्या, मध्ये मोठी परात, दोघींचे हात परातीत. दोघी बोलत नव्हत्या. त्यांचं माझ्याकडे लक्ष नव्हतं आणि मी फाटकापाशी जरा वेळ उभा राहिलो. आईचा चेहरा मला समोरून दिसत होता. लहानपणी ती माझ्याकडे पाठ करून बसायची, म्हणून असा कधी पाहिला नव्हता. तोंड किंचित उघडं, कपाळावर एकही आठी नाही. एखाद्याचं दुखणं नुकतंच थांबावं तसा चेहरा. मला तो व्यवस्थित दिसला. मी तो पाहिला आणि त्यानंतर बोललो, हे मला लपवायचं नाही.

"मावशी, हे काय चाललंय?"

"अरे, ये ये! कधी आलास? चहा टाकते."

"चहा राहू दे. माझ्या आईला कामाला लावलंस तू? बाजारात विकायचे वाल सोलतेय ती? तिला सांभाळायला मी मेलोय का?"

मावशी हात तसेच ओले धरून माझ्याकडे बघत राहिली. "मी नाही बसवलं रे तिला," ती म्हणाली. "तीच बसते. मी नको म्हटलं तरी बसते."

"तिला काय कमी आहे म्हणून बसेल ती?"

मावशीनं आईकडे पाहिलं. तिनंच उत्तर द्यावं अशी वाट पाहत होती. आई परातीत बघत होती. मी आवाज खाली आणला. आईशी मी कधीच चढ्या आवाजात बोलत नसे, त्याचा मला अभिमान होता. "आई, चल," मी म्हटलं. "ऊठ. आपल्या घरी जाऊ."

आईनं हातातला दाणा सोलून शेजारच्या ताटात टाकला, हात झटकले, पदराला पुसले आणि उठली. बॅग भरायला तिला जेमतेम दहा मिनिटं लागली. मावशीनं तिच्या हातावर दही घातलं नाही, काही दिलं नाही, नुसती दारात उभी राहिली.

शहाड मागे पडलं. मग आई खिडकीतून बाहेर बघत म्हणाली, "तुझे बाबा ओरडून उठवायचे. तू प्रेमानं उठवतोस."

मला भरून आलं. खरंच आलं. मला वाटलं, चला, हिला कळलं. घरी आल्यावर मी बायकोला हे शब्दशः सांगितलं. तिनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि ताटं घ्यायला गेली.

त्यानंतर आई वर्ष-सव्वा वर्ष होती. तिनं मग वाल भिजवले नाहीत, घड्या घातल्या नाहीत, काही उसवलं नाही. मी नेईन तिथे यायची, देईन ते खायची. दुपारी बाल्कनीतल्या खुर्चीत बसायची. पाहुणे म्हणायचे, काय व्ह्यू आहे, काय भाग्य आहे आजींचं. न्यूमोनियाचं निमित्त झालं आणि चार दिवसांत गेली. तिच्या शेवटच्या वर्षाबद्दल मला फारसं काही आठवत नाही. तिचा काही त्रासच नव्हता.

तेराव्याला घर माणसांनी भरलं होतं. मी सगळ्यांना गाडीतलं ते वाक्य सांगितलं. तू प्रेमानं उठवतोस. सगळ्यांनी माना डोलावल्या, कुणी तरी डोळे टिपले, कुणी म्हणालं असा मुलगा मिळायला पुण्य लागतं. मावशी कोपऱ्यात बसली होती. तिनं मान डोलावली नाही.

संध्याकाळी पांगापांग झाली. मावशीला मी गाडीनं सोडणार होतो. ती निघायच्या आधी बाल्कनीत जाऊन उभी राहिली, खाडीकडे बघत. मग त्या रिकाम्या खुर्चीकडे वळून म्हणाली, "इथेच बसून फोन करायची ना मला?"

"हो. दुपारी तुझ्याशी गप्पा मारायची," मी म्हटलं. "तेवढाच तिला विरंगुळा."

"गप्पा कुठल्या," मावशी म्हणाली. "रोज दोन वाजता फोन यायचा. 'घेतलेस का गं सोलायला?' एवढंच विचारायची. मी हो म्हणायचे आणि फोन परातीशेजारी ठेवून द्यायचे. मी सोलत बसायचे, ती ऐकत बसायची. पाण्याचा आवाज, दाणा ताटात पडल्याचा आवाज, काय ऐकायची देव जाणे. तासाभरानं म्हणायची, 'चल, ठेवते.' तू नेलंस त्याच्या दुसऱ्या दिवसापासून रोज."

मी खिशातून गाडीची किल्ली काढली.

"मधूनमधून आपोआप कट व्हायचा तो," मावशी पुढे म्हणाली. "मला वाटायचं परत लावेल. पण मग त्या दिवशी लावायचीच नाही. मी लावला तर उचलायची नाही. नंतर विचारलं तर म्हणायची, काही नाही गं, राहिलं. तुमच्याकडे रेंजचं काही होतं का रे?"

आठवड्यातले दोन दिवस मी घरून काम करायचो. जेवण झाल्यावर बाल्कनीत डोकावलो की आई खुर्चीत बसलेली असायची, मांडीवर फोन, फोनवर मावशीचं नाव, खाली मिनिटं पुढे सरकत असलेली, आणि कुणीच बोलत नसलेलं. म्हातारी माणसं फोन कट करायला विसरतात, हे मला माहीत होतं. मी वाकून, तिला दचकायला होऊ नये म्हणून अगदी अलगद, लाल बटण दाबायचो. "आई, फोन चालूच राहिलाय बघ." ती म्हणायची, "हो का? राहिला असेल." मग मी म्हणायचो, "आता जरा आत जाऊन पड," आणि ती उठायची.

मावशी उत्तराची वाट बघत होती.

"हो मावशी," मी म्हटलं. "चौदाव्या मजल्यावर रेंजचा फार प्रॉब्लेम आहे."